रोज दोनदा पुसूनही कळकट का दिसतं?

वाचकाचा प्रश्न: गिरगावातल्या जुन्या चाळीच्या तळमजल्यावर मराठी पदार्थांचं उपाहारगृह चालवणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. दुकान सासऱ्यांनी सुरू केलेलं. आठ टेबलं, 32 खुर्च्या, बसायची जागा साधारण 420 चौरस फूट. दीड वर्षापूर्वी कर्ज काढून त्यांनी दुकानाचं रूप पालटलं. भिंतींवर लाकडी छापाचा गडद वॉलपेपर आणि विटांसारखे पॅनल लावले, टेबलांना काळं लॅमिनेट आणि खाली काळ्या खरखरीत टाइल्स आल्या, छताला काळ्या शेडचे पिवळे दिवे टांगले, प्लॅस्टिकच्या वेली सोडल्या. मेट्रो स्टेशन सुरू झाल्यापासून नवी गिऱ्हाइकं येऊ लागली. चव सगळ्यांना आवडते, पण ऑनलाइन शेरे पडतात ते ‘स्वच्छता बेताची’ आणि ‘पोरं लक्ष देत नाहीत’ असे. ताई लिहितात, “रोज दोनदा फरशी पुसतो, पहाटे पाचला ओटा घासतो. पलीकडच्या कॅफेचं स्वयंपाकघर मी पाहिलंय, तिथे पाणीसुद्धा पिऊ नये. पण लोक त्यालाच स्वच्छ म्हणतात. लोकांना खरी स्वच्छता नको असते, चकचकाट हवा असतो.” यजमानांच्या मते खालपासून वरपर्यंत पांढऱ्या टाइल्स लावून पांढऱ्या ट्यूब टाकाव्यात. एक कंत्राटदार सगळं उखडून नव्याने करायचे सहा लाख सांगतो, आणि सासऱ्यांच्या वेळचं शिसवी काचेचं कपाट भंगारात काढा म्हणतो. काय करावं?

ताई,

आधी त्या चकचकाटाच्या वाक्याबद्दल. पहाटे पाचला ओटा घासणाऱ्या बाईला तसं म्हणावंसं वाटणारच. पण गिऱ्हाइकाच्या बाजूने एकदा बघा. तुमचं तेल कितव्यांदा तापतंय, कोथिंबीर किती पाण्यातून निघाली, टाकी कधी धुतली, यातलं काहीच त्याला दिसत नाही. त्याला दिसतो पाण्याचा पेला, टेबलाचा कोपरा, पोराच्या खांद्यावरचं फडकं आणि हात धुवायचं बेसिन. न दिसणाऱ्या स्वयंपाकघराचा अंदाज तो एवढ्यावरूनच बांधतो. तो मूर्ख नाही, त्याच्याकडे दुसरा पुरावाच नाही. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1920 साली दाखवलं होतं की एका गुणाबद्दल बनलेलं मत माणूस नकळत बाकीच्या गुणांवरही पसरवतो. सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले गुण त्याने तपासले होते. मेणचट टेबलावरून स्वयंपाकघराबद्दल मत होतं ते याच वाटेने.

तुमची जुनी गिऱ्हाइकं तक्रार करत नाहीत, ते टेबल लख्ख असतं म्हणून नव्हे. त्यांना तुमच्या भाजणीचा वास ओळखीचा आहे, वर्षानुवर्षं खाऊन पोट बिघडलेलं नाही, आणि त्यांना तेवढा पुरावा पुरतो. मेट्रोतून पहिल्यांदा आलेल्या माणसाजवळ तो नाही. तेव्हा शेरे वाचताना प्रत्येक शेरा नव्या माणसाचा आहे का ते बघा. बहुतेक तसंच निघेल.

दुसरं गृहीतक ‘रोज दोनदा पुसतो’ हे. पुसणं तुमच्या हातात आहे, पण पुसलेलं दिसणं त्या पृष्ठभागाच्या हातात असतं. दीड वर्षापूर्वी तुम्ही निवडलेल्या बहुतेक वस्तू पुसल्या तरी पुसल्यासारख्या दिसत नाहीत, आणि काही तर पुसताच येत नाहीत. दोष तुमच्या कष्टांचा नाही, त्या निवडीचा आहे.

खर्चाचा विचार करण्याआधी एक काम करा. दुपारी एकच्या गर्दीत, गिऱ्हाईक ज्या टेबलावर सगळ्यात नाखुशीने बसतं तिथे पंधरा मिनिटं बसा. मालक दुकान नेहमी उभ्याने बघतो आणि गिऱ्हाईक बसून. बसल्यावर डोळा जमिनीपासून साधारण चार फुटांवर येतो आणि सगळं चित्र बदलतं. समोरच्या टेबलाची खालची कड दिसते, खुर्चीच्या पायाला गुंडाळलेले केस दिसतात, पंख्याच्या पात्यांची काळी कड दिसते, बेसिनखालची बादली दिसते, स्वयंपाकघराचं दार उघडलं की आतला तेलाचा डबा दिसतो. थाळी यायला दहा-बारा मिनिटं लागतात, तेवढा वेळ गिऱ्हाईक हेच बघत असतं. दिसलेली प्रत्येक गोष्ट लिहून काढा आणि पुढे ‘पुसून जाणारी’ की ‘पुसून न जाणारी’ अशी खूण करा. पैसे फक्त दुसऱ्या खुणेवर घालायचे.

त्याच रात्री प्लॅस्टिकच्या वेली आणि विटांचे पॅनल उतरवा. फोडणीची वाफ हवेतून बाहेर येते, तिच्यातला ओशट अंश धुळीला चिकटवतो, आणि वेलीच्या पानापानावर व विटेच्या प्रत्येक खाचेवर त्याचा थर बसतो. तो कोरड्या फडक्याने निघत नाही आणि ओल्याने पसरतो. वॉलपेपरचं दुखणं वेगळं. जुन्या चाळीच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात, मग कागद फुगतो, कडेने सुटतो आणि मागे बुरशी धरते. तो कुबट वास तुमच्या नाकाला सवयीचा झाला असेल, बाहेरून येणाऱ्याला पहिल्या श्वासात कळतो. कागद काढा, भिंत पंधरा दिवस कोरडी होऊ द्या, ओल वरच्या मोरीतून येते की बाहेरून ते शोधा. गळती बंद न करता रंग दिलात तर पुढच्या आषाढात पोपडे धरतील. अन्न सुरक्षेच्या नियमांतही भिंती-छत गुळगुळीत, सहज साफ होणारे आणि पोपडे न सुटणारे असावेत अशी अट आहे, म्हणजे हा फक्त दिसण्याचा प्रश्न नाही.

रंग कोणता? खुर्चीची पाठ आणि माणसांचे खांदे भिंतीला घासतात ते चार फुटांपर्यंत. तेवढ्या भागाला मध्यम छटेची गुळगुळीत टाइल किंवा लॅमिनेट. त्याच्या वर धुता येणारा इमल्शन, मोतिया किंवा फिक्या ताकाच्या रंगाचा. छत सपाट पांढरं. गडद भिंत आपल्यावर पडलेल्या उजेडातला जेमतेम दहावा हिस्सा परत देते, फिकी भिंत सत्तर टक्क्यांच्या वर देते. त्यामुळे तेच दिवे असूनही खोली दुप्पट उजळ वाटते.

आता दिवे, कारण तुमच्याकडे सगळ्यात मोठी चूक इथेच झाली आहे. काळ्या शेडमधला सात वॉटचा दिवा टेबलाच्या मधोमध उजेडाचं एक वर्तुळ पाडतो, बाकी खोली अंधारात राहते. अंधारी कड माणसाला मळकीच वाटते, तिथे धूळ असो वा नसो. हिशोब सोपा आहे. तुमची जागा 39 चौरस मीटर. टेबलावर 200 लक्स (दर चौरस मीटरवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड हवा, म्हणजे एकूण 7800 ल्यूमेन (दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप). भिंती, छत आणि धूळ मिळून बराच उजेड खातात, म्हणून 0.6 ने भागा: 13,000 ल्यूमेन. सध्याचे आठ दिवे मिळून पाच हजारांच्या आसपास देतात. छतात बसणारे 12 वॉटचे 12 दिवे घेतलेत की काम भागतं. त्यातले पाच-सहा भिंतीपासून फूटभर अंतरावर लावा, म्हणजे भिंती उजळतील.

यजमानांच्या पांढऱ्या ट्यूबबद्दल इथेच सांगते. त्या सहसा 6500 केल्विनच्या (उजेडाच्या छटेचं माप) असतात, म्हणजे निळसर. त्या उजेडात वरण फिकं हिरवट दिसतं, आणि स्वस्त दिव्यात लाल रंग नीट उमटत नसल्याने सोलकढी राखाडी पडते. अन्न शिळं वाटू लागलं की फरशी कितीही पांढरी असून उपयोग नाही. 4000 केल्विनचे दिवे घ्या. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, 90 किंवा जास्त लिहिलेला बघा, आणि जमल्यास लाल रंगाचा आकडा, म्हणजे आर-9, 50 च्या वर आहे का ते विक्रेत्याला विचारा. एवढ्या लहान खोलीत पिवळा-पांढरा मिसळू नका, एकच छटा ठेवा. दिवे लावायच्या आदल्या रात्री मात्र पंखे, छताचे कोपरे आणि ट्यूबच्या जुन्या पट्ट्या धुऊन घ्या. वाढलेला उजेड लपलेली जळमटंही दाखवतो.

टेबलं. काळं लॅमिनेट पुसल्यावर वाळतं तेव्हा पाण्याचे ओघळ, पिठाची पांढरट रेघ आणि बोटांचे ठसे सगळे उठून दिसतात. पोरगं प्रामाणिकपणे पुसून जातं आणि टेबल पुसलं नसल्यासारखं दिसतं. टेबलं बदलू नका, वरचं लॅमिनेट बदला. 8 बाय 4 फुटांच्या एका शीटमध्ये 2 बाय 4 ची चार टेबलं बसतात, पण कापताना कडा जातात, म्हणून आठ टेबलांना दोनऐवजी तीन शीट आणा. उरलेल्यात काउंटरचा माथा होईल. रंग फिका करडा किंवा फिकं लाकूड, रेषा उमटलेल्या नकोत, बोट फिरवून गुळगुळीत लागलं पाहिजे. अगदी शुभ्र घेऊ नका, हळद धरून बसतं. सुतार जुन्या लॅमिनेटवरच चिकटवणार असेल तर आधी 80 नंबरच्या पॉलिश पेपरने ते खरखरीत करायला लावा, नाहीतर वर्षभरात सुटतं. कोपरे फुगलेले असतील तर तिथली प्लाय पाणी प्यायलेली आहे. तो तुकडा कापून जलरोधक प्लायचा नवा घाला. कडेला दोन मिलिमीटरची पीव्हीसी पट्टी लावा. पातळ पट्टी निघते, तिच्या फटीत आमटी जाते आणि टेबलाला वास येऊ लागतो.

तरीही टेबल चिकट लागतंय का ते कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेकवून बघा. गिऱ्हाईक तसाच टेकवतं. चिकटपणा बहुधा साबणाचा असतो: फडकं साबणाच्या पाण्यात बुडवून तसंच फिरवलं जातं, वर कोणी साधं पाणी मारत नाही, आणि तो थर तेल पकडतो. कोमट पाण्याच्या लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा घालून एकदा सगळी टेबलं घासा, दोनदा साध्या पाण्याने पुसा. पुढे प्रत्येक टेबलाला दोन फडकी, एक ओलं आणि एक कोरडं. फिक्या रंगाची घ्या, कारण मळली की ती पोराला आधी दिसली पाहिजेत. खांद्यावर फडकं टाकायची सवय मोडा. त्याच फडक्याने घाम पुसला जातो, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असतं.

फरशी उखडायची गरज नाही. तुमच्या टाइल्सच्या रुंद सांध्यांत सिमेंटचं ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा मसाला, आहे. ते सच्छिद्र असल्याने तेल-हळद पितं आणि पुसणाऱ्याला कधी दाद देत नाही. तुम्ही लिहिलंय की महिन्यातून एकदा अ‍ॅसिड टाकून घासता. ते आजपासून बंद करा. अ‍ॅसिड सिमेंट खातं, सांधा खोल होतो आणि पुढच्या वेळी त्यात जास्त मळ साचतो. आधीच्या पिढीतली मोझॅकची लादी कुठे शिल्लक असेल तर तिच्यातला संगमरवरही त्याने मरतो. आणखी एक: अ‍ॅसिड आणि ब्लीच कधीही एका बादलीत किंवा एकामागून एक टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, बंद मोरीत माणूस गुदमरून पडू शकतो.

त्याऐवजी सांधे चार मिलिमीटर खोल खरवडून एपॉक्सी ग्राउट (तेल-पाणी न पिणारा राळेचा मसाला) भरून घ्या. एक फुटाच्या टाइल्स आणि चार मिलिमीटरचा सांधा धरला तर तुमच्या जागेत जवळपास 260 मीटर सांधे होतात. माल सात किलोच्या आसपास लागतो, वाया जाणारा धरून आठ किलो आणा. रंग मध्यम करडा. एपॉक्सीचं मिश्रण लवकर घट्ट होतं, म्हणून कारागिराने थोडं-थोडं कालवून भरलं पाहिजे आणि टाइलवर पसरलेलं लगेच ओल्या स्पंजाने पुसलं पाहिजे. खरखरीत टाइलवर तो थर सुकला तर कायमचा राहतो. हे काम बिघडतं ते इथेच. सांधे पूर्ण कोरडे हवेत, तेव्हा हे पावसाळ्यात काढू नका. सुट्टीच्या आदल्या रात्री भरा, 24 तास कोणी चालायचं नाही, आठवडाभर तीव्र रसायन नाही.

काळ्या टाइलवर दिसणारा पांढरट पडदा हा मळ नाही, जास्त साबण आणि बोअरवेलचं जड पाणी यांचं मिश्रण आहे. दोन बादल्या ठेवा, एक धुवायची आणि एक पिळायची. साबण निम्मा करा. शेवटचा हात पालिकेच्या पाण्याने मारा. तेच पेल्यांचं. पालिकेचं पाणी तलावांचं, त्यामानाने मृदू. बोअरवेलच्या पाण्यातला चुना पेल्यावर डाग ठेवतो. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून पेले पंधरा मिनिटं बुडवा, डाग सुटतात. तारेच्या घासणीने ओरखडलेले पेले मात्र उजळणार नाहीत. ते बदला. गिऱ्हाइकाच्या ओठाला लागणारी दुकानातली पहिली वस्तू तीच आहे.

बेसिनवर जरा जास्त बोलायला हवं. आपल्याकडे जेवणाआधी आणि नंतर हात धुतात, म्हणजे प्रत्येक माणूस तिथे दोनदा उभा राहतो, अगदी जवळून आणि रिकाम्या डोळ्यांनी. तुमचं बेसिन दारातून शिरताच समोर आहे आणि खाली गळणारी बादली आहे. दुकानात लाखभर घालून ही बादली राहिली तर ते लाख वाया गेले. गळणारा ट्रॅप, म्हणजे बेसिनखालचा वाकडा पाइप, बदला, आधी तेवढंच. नळाची धार भांड्याच्या कडेजवळ पडत असेल तर पाणी उडतं. लांब तोंडाचा नळ आणि त्याला जाळी लावा. मागे दोन फूट उंचीपर्यंत एकसंध टाइल किंवा काच. साबणाची वडी काढा, तिच्याखालचा गाळ कोणालाच बघवत नाही. भिंतीवरचा डिस्पेन्सर लावा आणि तो रिकामा राहू देऊ नका. पायाने उघडणारा कचऱ्याचा डबा. झाडू, पोछा, बादली, फिनेलची बाटली यांना दीड फूट रुंदीचं दार असलेलं कपाट द्या, दाराला खाली-वर जाळी ठेवा म्हणजे ओला पोछा आत कुजणार नाही. बेसिनसमोरची फरशी सतत ओली राहत असेल तर उतार तपासा, मीटरला 12 ते 15 मिलिमीटर हवा. शौचालयालाही हेच लागू, तिथली कोरडी फरशी सुगंधी गोळ्यांपेक्षा जास्त बोलते.

वासाबद्दल एवढंच: सुगंधाने वास झाकू नका, संशय वाढतो. मोरीच्या जाळीतून वास येत असेल तर तिच्याखालच्या ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असतं, रोज रात्री तांब्याभर ओता. दुपारी साडेबाराला फिनेल मारू नका. सकाळी कुलूप उघडताना बाहेरच्या एखाद्या माणसाला आधी आत पाठवा आणि पहिला वास कसला आला ते विचारा. स्वयंपाकघराच्या खिडकीत उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. बाहेर बसायच्या जागेत येत असेल तर एक्झॉस्ट कमी पडतोय किंवा त्याची जाळी तेलाने बुजलीय, आणि तुमच्या पंख्यांवरचा थर तिथूनच येतोय.

‘पोरं लक्ष देत नाहीत’ हा शेरा तुम्ही पोरांच्या स्वभावावर ढकललात, एकाला तर कामावरून काढायचा विचार आहे. थांबा. तुमच्या पत्रातल्या नकाशाप्रमाणे गल्ला रस्त्याकडे तोंड करून आहे, मधल्या खांबामागे दोन टेबलं झाकली जातात आणि सजावटीचं पाच फुटी जाळीदार पार्टिशन आणखी दोन झाकतं. आठांतली चार टेबलं कोणालाच दिसत नाहीत. पिवळ्या अंधारात वर केलेला हात कसा दिसणार? पार्टिशन साडेतीन फुटांवर कापा. पोरांना उभं राहायला एक ठरलेली जागा द्या, जिथून आठही टेबलं दिसतील, आणि तिथेच पाण्याचे जग, पेले, चमचे ठेवायचा छोटा ओटा करा, म्हणजे प्रत्येक पेल्यासाठी आत जावं लागणार नाही. खांबामागच्या भिंतीवर मोठा आरसा लावा. जुन्या इराणी हॉटेलांतले आरसे आठवा: उजेड दुप्पट करायचे आणि गल्ल्यावरून पाठीमागची टेबलं दाखवायचे. संगमरवरी टेबलांचंही तसंच, एका हाताने पुसलेलं लगेच दिसायचं.

जागेच्या दिसण्याचा आणि सेवेबद्दलच्या मताचा संबंध मेरी जो बिटनर या अभ्यासक बाईंनी 1990 साली प्रयोगाने दाखवला. प्रवास कंपनीकडून काम चुकल्याचा एकच प्रसंग त्यांनी लोकांना दिला. काहींना नीटनेटक्या कार्यालयाचं छायाचित्र दाखवलं, काहींना पसाऱ्याचं. पसारा पाहिलेल्यांनी चूक कंपनीच्या हातातली मानली, आणि ती पुन्हा होईल असंही त्यांना जास्त वाटलं. तुमच्याकडे थालीपीठ पाच मिनिटं उशिरा आलं तर नीटनेटक्या दुकानात ‘गर्दी आहे’ म्हणतील, तुमच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ‘लक्षच नाही’ म्हणतील. पोरगं तेच आणि उशीरही तेवढाच. पोरांनी ऑर्डर घेताना ‘थालीपिठाला बारा मिनिटं लागतील’ असं सांगायला शिकावं. किती थांबायचं ते माहीत असलं की थांबणं हलकं होतं. तेव्हा त्या पोराला काढू नका, आधी त्याला टेबलं दिसू द्या.

यजमानांची पांढऱ्या टाइल्सची इच्छा मी समजू शकते, पण खालपासून वर टाइल म्हणजे आवाज घुमणार. ताटल्यांचा खणखणाट, आतून मारलेली हाक, खुर्च्यांची ओढाओढ, सगळं अंगावर येतं, आणि गोंगाटात सेवा आणखी ढिली वाटते. चार फुटांवर थांबा. खुर्च्यांच्या 128 पायांना रबरी बूच बसवा. दिवसभराचं कर्कश ओरखडणं थांबेल आणि फरशीवरच्या काळ्या रेघाही.

स्वयंपाकघर स्वच्छ आहे ना? तुम्ही म्हणता तसं असेल तर दाखवा. खिडकीला मोठी काच लावा, थालीपीठ थापणारे हात दिसू देत. रायन ब्यूएल हे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एका भोजनगृहातल्या प्रयोगात आढळलं की स्वयंपाकी आणि जेवणारे एकमेकांना दिसले की जेवणाऱ्यांचं समाधान वाढतं. काचेतून दिसणारा तेलाचा डबा, दिव्याची तार आणि कपडे अडकवायची खुंटी मात्र आधी हलवा, आणि काचेची आतली बाजू रोज रात्री पुसायचं काम एका माणसाच्या नावावर लावा. परवान्याची चौकट नजरेला पडेल अशी, नीट काचेत. ‘हात धुवा’, ‘बाहेरचे पदार्थ आणू नयेत’, ‘सुटे द्या’ हे सेलोटेपने चिकटवलेले पिवळे कागद काढून एकाच फलकावर आणा.

म्हणजे सहा लाख नकोत. पहिल्या आठवड्यात वेली, पॅनल, बादली, कागद, फडकी, पेले. मग दिवे. त्यानंतर टेबलांचे माथे आणि पार्टिशन. पावसाळा संपल्यावर भिंती आणि ग्राउट, काच सगळ्यात शेवटी. प्रत्येक टप्प्यानंतर महिनाभर शेरे बघा. दिव्यांनीच अर्धी तक्रार मिटली तर पुढचं घाईने करू नका. पावसाळ्यासाठी दारात छत्र्यांचं स्टँड आणि पायपुसण्यांचे दोन जोड ठेवा, एक वाळत आणि एक वापरात. काथ्याचं नको, भिजलं की वास मारतं.

दवाखाना, पार्लर किंवा शिकवणीचा वर्ग चालवणाऱ्या वाचकांनीही बसून बघण्याची पंधरा मिनिटं काढावीत. दवाखान्यात फाटलेलं रेक्झिन आणि तपासणीच्या पलंगाचा पडदा बोलतो; पार्लरमध्ये टॉवेल आणि कंगव्यांचा डबा; वर्गात पंखा आणि पाण्याचा कूलर.

राहिलं ते शिसवी कपाट. कंत्राटदाराला जुनं आणि कळकट यातला फरक कळत नाही. हातांनी गुळगुळीत झालेली कड ही झीज आहे, ती डोळ्याला चांगली वाटते. खाचेत साठलेला ओशट काळा थर हा मळ आहे, तो निघतो. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या मऊ बोळ्याने छोटा भाग आधी करून बघा, खिडक्या उघड्या आणि गॅस बंद ठेवून. थर निघाला की पॉलिशवाल्याला मेलामाइन नको म्हणावं, पातळ लाखेचं पॉलिश करायला सांगावं, नाहीतर ते प्लॅस्टिकसारखं चमकेल. पितळी मुठी चिंचेने घासा आणि लगेच कोरड्या करा. फळ्यांवरचं वर्तमानपत्र काढून कापलेली काच घाला, आत एक छोटा 4000 केल्विनचा पट्टी दिवा लावा. कपाट दारासमोर येईल असं हलवा, म्हणजे शिरताना पहिलं बेसिन दिसणार नाही, लाडू आणि चकल्यांच्या बरण्या दिसतील. काच रोज उघडताना एकदा आणि दुपारच्या गर्दीनंतर एकदा पुसा, खालचा डावा कोपरा विसरू नका. लहान मुलं बोटं तिथेच टेकवतात.